दुसऱ्या नळीचं काय झालं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्य क्षयरोग कार्यालय, पुणे

स.न.वि.वि.

मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. आता निवृत्त आहे. त्यातली बहुतेक वर्षं बेडका तपासण्यात गेली, आधी सूक्ष्मदर्शकाखाली आणि नंतर ट्रूनॅट या जंतूचे जनुक ओळखणाऱ्या यंत्रावर. आज जे लिहिते आहे ते नोकरीत असताना मी मासिक बैठकीत दोनदा बोलले होते. दोन्ही वेळा विषयपत्रिकेवर दुसरे आकडे होते आणि वेळ संपत आला होता. म्हणून आता सगळ्यांसमोर, सविस्तर लिहिते.

माझा प्रश्न एकच आहे. क्षयाचा संशय आला की रुग्णाकडून आपण बेडक्याच्या दोन नळ्या घेतो. पहिल्या नळीचा अहवाल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी हातात पडतो. दुसऱ्या नळीचं काय होतं?

२०२२ च्या डिसेंबरात, गाळप ऐन भरात असताना, ऊसतोड टोळीतली २२ वर्षांची एक बाई आमच्याकडे आली. बीड जिल्ह्यातली. नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, कारखान्यामागच्या माळावर कोपी, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. तीन महिन्यांचा खोकला, रात्रीचा ताप, वजन ३६ किलो. आमच्याकडे येण्याआधी तिनं गावाकडे आणि इकडच्या बाजारात मिळून तीन वेळा खोकल्याचं औषध घेतलं होतं. चिठ्ठ्या तिनं पदराच्या गाठीत जपून आणल्या होत्या. तिन्हींवर लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिहिलेलं होतं. ते तेवढं लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

चांगला बेडका मिळवणं हे निम्मं काम असतं. घाईत नळी हातात दिली की लोक लाळ थुंकून आणून देतात. पातळ, पांढरी, वर फेस. त्यात जंतू सापडला नाही तर दोष यंत्राचा नसतो. मी तिला इमारतीच्या मागे, उघड्यावर, लिंबाखाली नेलं. चूळ भरायला लावली. दोनदा खोल श्वास घेऊन सोड, तिसऱ्यांदा छातीच्या तळातून खाकर, असं करून दाखवलं. तिनं दोन नळ्या भरून दिल्या. घट्ट, पिवळसर, चिकट बेडका, प्रत्येकी तीन-चार मिली. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर टू प्लस, म्हणजे जंतू भरपूर. दुपारपर्यंत ट्रूनॅटचा निकाल आला: एमटीबी डिटेक्टेड, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड (क्षयाचा जंतू सापडला, पण रिफाम्पिसिन या औषधाला त्याचा प्रतिरोध सापडला नाही).

ही शेवटची ओळ वाचून आमच्याकडे सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. डॉक्टर म्हणतात, ‘साधा टीबी आहे, घाबरू नका.’ सुपरवायझर निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण-नोंदणीच्या पोर्टलवर नोंद करतो, वजनाप्रमाणे गोळ्या सुरू होतात. तिच्या वजनाला रोज तीन. दुसरी नळी मी झाकण पक्कं करून, पॅराफिल्म गुंडाळून, फ्रीजमध्ये ठेवली. ती विभागाच्या कल्चर प्रयोगशाळेत जायची होती, एलपीए या पुढच्या तपासणीसाठी.

कुरिअरवाला त्या आठवड्यात आला नाही. बिल थकलं होतं असं नंतर कळलं. मग शनिवार-रविवार आला, मग नाताळ. नळी नवव्या दिवशी निघाली. हा नमुना तीन दिवसांच्या आत, थंड डब्यातून पोचायला हवा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: नमुना गळलेला, नाकारला, पुन्हा पाठवा. तोवर तिचा खोकला थांबला होता, ती पुन्हा फडात जात होती, आणि पुन्हा पाठवायला बेडकाच येत नव्हता. मीही फार पाठपुरावा केला नाही. अहवालावर ‘नॉट डिटेक्टेड’ होतं ना.

आता जे वाचक या खात्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण हे पत्र त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

क्षयावर पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं एका गोळीतून देतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. एवढी औषधं एकदम का, तर या जंतूची गंमतच तशी जीवघेणी आहे. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांच्यात आपोआप, औषध न घेताही, काही लाखांत-कोटींत एखादा जंतू असा निघतो की एका औषधाला तो दाद देत नाही. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो एकटा रान मोकळं मिळाल्यासारखा वाढतो. ब्रिटनमध्ये १९४७-४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची पहिली मोठी चाचणी झाली तेव्हा हेच झालं. रुग्ण आधी सुधारले आणि मग त्यातल्या अनेकांवर औषध चालेना. दोन औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू निघणं फार दुर्मीळ, म्हणून एकमेकांना सांभाळून घेणारी औषधं एकत्र द्यायची हा त्यातून शिकलेला धडा.

त्यात आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन हे दोन बैल जोडीचे. झपाट्यानं वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांत मारायचं मोठं काम आयसोनियाझिडचं. दडून, सुस्त पडून राहिलेल्यांना गाठायचं काम रिफाम्पिसिनचं. यातला एक बैल बसला तर दुसऱ्यावर सगळा भार येतो. पहिले दोन महिने पायराझिनामाइड सोबतीला असतं तोवर निभावतं. नंतरच्या चार महिन्यांत आयसोनियाझिड निकामी असेल तर रिफाम्पिसिनच्या जोडीला उरतं फक्त इथॅम्ब्युटॉल, आणि ते तसं दुबळं औषध. एकट्या औषधानं काय होतं ते वर सांगितलंच.

ट्रूनॅट फक्त रिफाम्पिसिनबद्दल सांगतं. सीबीनॅट हे त्याच प्रकारचं दुसरं यंत्र; त्याचं नेहमीचं कार्ट्रिजही तेवढंच सांगतं. ही यंत्रं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. २०१० च्या अखेरीला जागतिक आरोग्य संघटनेनं सीबीनॅटच्या तपासणीला मान्यता दिली तेव्हा आमच्यासारख्यांच्या आयुष्यात उजेड पडला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीत पाचेक हजार तरी लागतात. ही यंत्रं शे-दीडशेंवरही पकडतात. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, आणि लोडशेडिंगच्या दुपारी तालुक्याच्या खोलीत बसून मी त्यावर शेकडो तपासण्या केल्या आहेत. त्या यंत्राबद्दल मला मायाच आहे. पण त्याला जे विचारलं तेवढंच ते सांगतं. आयसोनियाझिडबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि अहवाल वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्याच औषधांबद्दल विचारून झालं.

आयसोनियाझिडचं उत्तर दुसऱ्या नळीत असतं. एलपीए म्हणजे ‘लाइन प्रोब अ‍ॅसे’, पट्टीवर जंतूचे जनुक तपासण्याची पद्धत. प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा ती पट्टी मी जवळून पाहिली. अरुंद, पांढरी, आणि तिच्यावर २७ ठिकाणी जांभळट रेघा उमटू शकतात अशी. जंतूतला जनुकाचा तुकडा ठीकठाक असेल तर ठरावीक रेघ उमटते. ती रेघ गायब असेल, किंवा तिच्याशेजारी बदलाची रेघ उमटली असेल, तर समजायचं की हे औषध चालणार नाही. कॅट-जी नावाच्या जनुकात बदल असेल तर आयसोनियाझिड जवळपास गेलंच. इन्ह-ए मध्ये असेल तर जास्त मात्रेत थोडाफार उपयोग होऊ शकतो. तिथल्या ताई एकेक पट्टी कागदावर चिकटवून, खाली फूटपट्टी धरून, ओठांत पुटपुटत रेघा मोजत होत्या, पंचांग पाहावं तसं. प्रयोगशाळेत नमुना पोचला की हे सगळं तीन दिवसांत होऊ शकतं. त्यासाठी बेडका मात्र सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर पॉझिटिव्ह असावा लागतो. नसेल तर आधी कल्चर करून जंतू वाढवायचा, आणि त्याला आठवडे लागतात, कारण क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. तोंडातले इतर जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. नळी उन्हात, कुरिअरच्या गोण्यांमध्ये दोन दिवस पडली की त्यांचंच शेत माजतं आणि कल्चर वाया जातं.

माझ्या त्या बाईचा नमुना टू प्लस होता. थेट एलपीए झाली असती. तीन दिवसांत.

आता आकडा पाहा. २०१४ ते २०१६ या काळात आपल्या देशानं औषधप्रतिरोधाचं मोठं सर्वेक्षण केलं. सुमारे पाच हजार रुग्णांचे नमुने बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत १३ औषधांसाठी तपासले. पूर्वी कधीच उपचार न घेतलेल्या रुग्णांमध्ये आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही न चालणारे, म्हणजे एमडीआर, २.८४ टक्के निघाले. आणि आयसोनियाझिड न चालणारे ११.०६ टक्के. पूर्वी उपचार घेतलेल्यांमध्ये हाच आयसोनियाझिडचा आकडा २५.०९ टक्के.

वजाबाकी करा. शंभर नव्या रुग्णांमध्ये तीनेक जण एमडीआर म्हणून आपल्या यंत्राच्या जाळ्यात येतात. आठ जण असे आहेत की ज्यांचा आयसोनियाझिडचा बैल पहिल्या दिवसापासून बसलेला आहे आणि ज्यांच्या अहवालावर आपण ‘नॉट डिटेक्टेड’ छापून देतो. या आठ जणांसाठी वेगळी उपचारपद्धती आहे. लिव्होफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड, सहा महिने. औषधं आपल्या भांडारात आहेत. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हे २०२१ पासून स्वच्छ लिहिलेलं आहे: रिफाम्पिसिनला प्रतिरोध नसेल तर दुसरा नमुना एलपीएला पाठवा. म्हणजे नियम आहे, औषध आहे, प्रयोगशाळा आहे. नळी मात्र फ्रीजमध्ये.

ती बाई एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर गावी गेली. उरलेल्या गोळ्या तिथल्या आरोग्य केंद्रातून घेतल्या. पुढच्या डिसेंबरात टोळी परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. वजन ३३ किलो. बेडक्यात रक्त. ट्रूनॅटवर या वेळी ओळ होती: रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड.

डॉक्टरांनी केसपेपरवर पहिलीच ओळ लिहिली, ‘अनियमित उपचार’. पुढे प्रश्नचिन्ह होतं, पण बारीक. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. स्थलांतरित आहे, गोळ्या सोडल्या असणार. मी तिला तसं विचारलंही, आवाज चढवून. तिनं कोपीतून आणलेली एक कॅरीबॅग माझ्या टेबलावर उपडी केली. रिकाम्या पट्ट्या. ‘ताई, म्या एक बी गोळी चुकवली न्हाई. मोजून घ्या.’

मी मोजल्या. पहिले ५६ दिवस रोज तीन, पुढचे ११२ दिवस रोज तीन; २८ गोळ्यांच्या १८ पट्ट्या व्हायला हव्यात. अठरा होत्या. काही पट्ट्यांना ऊसाच्या पाचटाचे कण चिकटले होते.

या वेळी दुसरी नळी मी स्वतः एसटीनं घेऊन गेले. मांडीवर थर्मोकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या. बारा दिवसांत अहवाल आला. रिफाम्पिसिन चालत नाही, आयसोनियाझिड चालत नाही, कॅट-जी मध्ये बदल. आणि दुसऱ्या टप्प्याच्या पट्टीवर लिव्होफ्लॉक्सासिनही चालत नाही. त्या तीन चिठ्ठ्या मला तेव्हा आठवल्या. खोकला दिसला की लिव्हो लिहिणाऱ्या माझ्या डॉक्टर बंधूंना हात जोडून सांगते, हे औषध क्षयाच्या जंतूवरही चालतं. पाच दिवस दिलं की खोकला थोडा दबतो, क्षयाचं निदान महिनाभर पुढे जातं, आणि दुसऱ्या फळीतलं आपलं एक चांगलं शस्त्र बोथट होतं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर चिठ्ठी लिहिण्याआधी बेडका पाठवा. एवढं तरी करा.

पहिल्या डिसेंबरात तिच्या बेडक्यातला जंतू आयसोनियाझिडला दाद देत होता की नव्हता? आता कुणालाच सांगता येणार नाही. त्याचं उत्तर असलेली नळी आम्हीच वाया घालवली. कदाचित तिला गावाकडे दुसऱ्या कुणाचा नवा संसर्ग झाला असेल, तेही होतं. पण जे माहीत नाही त्याचा बोजा कुणावर पडला ते पाहा. केसपेपरवर ‘नमुना उशिरा पाठवला’ असं कुठेही नाही. ‘अनियमित उपचार’ आहे.

हे पत्र लिहायला बसण्याचं खरं कारण तेच. तपासणी झाली नाही की तिची जागा रिकामी राहत नाही, तिथे रुग्णाचा दोष येऊन बसतो. बाई अडाणी, गडी दारू पितो, टोळीवाले गोळ्या टाकून देतात. अशी मतं मी सव्वीस वर्षं ऐकली आणि काही वेळा बोललेही. त्यातली किती माणसं खरोखर निष्काळजी होती आणि कितींच्या दुसऱ्या नळीचा अहवाल कधी आलाच नव्हता, हे आज तपासायला माझ्याकडे काहीच नाही.

तिला अठरा महिन्यांचा उपचार लागला. बेडाक्विलिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन, सायक्लोसेरिन. रंग काळवंडला, तो क्लोफाझिमिननं काळवंडतोच, पण गावात ‘काय झालं, काय झालं’ सुरू झालं आणि सासूनं भांडी वेगळी केली. तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री झोप नाही. दोन हंगाम कोयता बसला. मुकादमाकडून घेतलेली उचल तशीच अंगावर, नवऱ्यानं एकट्यानं अर्धा कोयता म्हणून काम केलं. लेकराची तपासणी केली, ते ठीक निघालं, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. पोषणासाठीचे पैसे आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते तिला मिळाले, थोडे मागेपुढे. ती बरी झाली. आज आहे.

आता आपल्याकडे मागणं.

पहिलं अगदी सोपं आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. ट्रूनॅट आणि सीबीनॅटच्या अहवालावर ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’च्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, मराठीत छापा: ‘आयसोनियाझिडची तपासणी अजून झालेली नाही. दुसरा नमुना पाठवल्याची तारीख: ....’ ती तारखेची रिकामी जागा महत्त्वाची आहे. रिकामी जागा डोळ्यांत खुपते. तंत्रज्ञाला ती भरावी लागेल, डॉक्टरला दिसेल, आणि रुग्णाच्या घरातलं शाळेत जाणारं पोरही विचारेल की तारीख का नाही.

दुसरं, मासिक आढाव्यात किती संशयित तपासले, किती नोंदवले, हे विचारता तसं दुसऱ्या नळ्यांचं विचारा. किती निघाल्या, किती पोचल्या, किती नाकारल्या, आणि सर्वांत मुख्य, किती रुग्णांचा आयसोनियाझिडचा निकाल दोन महिने पूर्ण व्हायच्या आत डॉक्टरांच्या हातात पडला. दोन महिन्यांनंतर गोळीतली औषधं कमी होतात, त्यामुळे त्यानंतर आलेला अहवाल हा शवविच्छेदनाच्या अहवालासारखा. २०२४ च्या डिसेंबरात क्षयरुग्ण शोधण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली तेव्हा वाड्यावस्त्यांवर एक्स-रेची छोटी यंत्रं पोचली. मी स्वतः रांगा पाहिल्या, लोकांनी उत्साहानं तपासून घेतलं. खूप चांगलं काम झालं. त्या रांगेतून सापडलेल्या रुग्णाची पुढची नळी तितक्याच उत्साहानं निघावी, एवढंच म्हणणं आहे.

कुरिअरचं बिल जिल्ह्यात अडकलं की नमुने तालुक्यात अडकतात. त्यासाठी तालुक्याच्या हातात थोडी रक्कम ठेवा. एसटीच्या पार्सल सेवेशी, पोस्टाशी करार करा, पण तो बंद पडला तर दुसऱ्या दिवशी पर्याय चालू झाला पाहिजे. आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं ते तंत्रज्ञ, सुपरवायझर बहुतेक कंत्राटी आहेत. त्यांचा पगार दोन-दोन महिने थकतो तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून डबा पाठवावा ही अपेक्षा कुणी करू नये. पुष्कळदा ते तरीही पाठवतात.

तिसरं खर्चाचं आहे. आयसोनियाझिड आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं दीड तासात एकदम तपासणारं कार्ट्रिज आलेलं आहे आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली आहे. त्याला सीबीनॅटचं थोडं वेगळं, एकाच वेळी दहा रंग ओळखणारं यंत्र लागतं. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक द्या. मग नमुना विभागाला न जाता जिल्ह्यातच निकाली निघेल, आणि माझ्यासारखीला मांडीवर डबा घेऊन चार तास प्रवास करावा लागणार नाही. सुरुवात ऊसपट्ट्यापासून आणि मुंबईतल्या गोवंडी, मानखुर्दसारख्या दाट वस्त्यांपासून करा.

टोळ्यांसाठी वेगळा विचार हवाच. नमुना साताऱ्यात दिला, अहवाल आला तेव्हा माणूस बीडमध्ये, असं दरवर्षी होतं. निक्षय क्रमांक माणसासोबत फिरतो, मग अहवालही फिरला पाहिजे. तो त्या क्रमांकावरून थेट गावच्या आशाताईच्या फोनवर जावा. साखर कारखाने दरवर्षी ऑक्टोबरात कोणत्या गावची कोणती टोळी येणार याची यादी करतात. ती यादी आरोग्य खात्याला मिळाली तर निम्मं काम होईल.

आणि एक शेवटचं, ज्याची मला खरी धास्ती वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं बीपाल-एम या नव्या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. अठरा महिन्यांचं काम सहा महिन्यांत. माझ्या त्या बाईला हे मिळालं असतं तर, असा विचार मनात येऊन जातो. पण बेडाक्विलिनला प्रतिरोध आहे का हे ना ट्रूनॅट सांगतं, ना सीबीनॅट, ना ती २७ रेघांची पट्टी. त्यासाठी अजून प्रामुख्यानं कल्चरच करावं लागतं, आणि ते करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या. जनुकक्रम वाचून बेडाक्विलिन, लिनेझोलिडसकट एकदम उत्तर देणाऱ्या तपासण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या सूचनांत केली आहे. मुंबई, पुणे, नागपुरात त्या आत्ताच उभ्या करा. औषध गावोगाव पोचेल आणि त्याची तपासणी मागे राहील, असं आयसोनियाझिडच्या बाबतीत आपण एकदा होऊ दिलं आहे. २०२३ च्या अंदाजानुसार जगातले २६ टक्के क्षयरुग्ण आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे २७ टक्के रुग्ण एकट्या भारतात होते. बेडाक्विलिन गेलं तर त्यांना द्यायला आपल्या कपाटात फार काही उरत नाही.

कार्यालयानं यातलं काही करायचं ठरवलं तर तालुक्याच्या तंत्रज्ञांना नमुना कसा घ्यावा, कसा बांधावा, हे शिकवायला मी बोलावाल तिथे येईन. मानधन नको. फक्त ज्या दिवशी बोलवाल त्या दिवशी तिथल्या फ्रीजचं दार उघडून आत किती नळ्या आहेत आणि त्यांच्यावर कुठली तारीख आहे, ते आधी सगळ्यांनी मिळून पाहू.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सातारा जिल्हा